राष्ट्राध्यक्ष, पण घरजावई: हॅरी ट्रुमनच्या घरी एक सकाळ

कोरा_कागद

आई-बाबा सांगलीहून आलेत तीन महिन्यांसाठी. आम्ही राहतो कॅन्सस सिटीच्या कॅन्ससवाल्या बाजूला, ओव्हरलँड पार्कात, आणि इथे आलेल्या माणसाला दाखवायचं काय हा प्रश्न दरवेळी पडतोच. समुद्र नाही, डोंगर नाही, नायगाराला विमानाने जावं लागतं. देऊळ झालं, कॉस्टकोचं भलंमोठं दुकान दोनदा झालं, मग बाबाच म्हणाले की तो अणुबॉम्बवाला ट्रुमन इथलाच ना रे, त्याचं घर ठेवलंय म्हणे. अर्ध्या तासावर असून मी नऊ वर्षांत एकदाही गेलो नव्हतो, आता काय सांगणार. म्हटलं चला.

गावाचं नाव इंडिपेंडन्स, राज्य मिसूरी. एकेकाळी पश्चिमेकडे निघालेल्या लोकांचे छकड्यांचे तांडे इथून सुटायचे, आता कॅन्सस सिटीला चिकटून गेलंय. घराचा पत्ता २१९, नॉर्थ डेलावेअर स्ट्रीट. पण थेट दारात जाऊन बेल वाजवायची नाही, आधी गावातल्या जुन्या फायर स्टेशनच्या इमारतीत व्हिजिटर सेंटर आहे तिथून तिकीट घ्यायचं. पैसे नाहीत. एका वेळी फक्त आठ माणसं आत सोडतात, फोटो काढायला बंदी, पर्सबिर्स बाहेर. आई म्हणाली देवीच्या गाभाऱ्यात सुद्धा एवढं नसतं.

आता गंमत अशी की हे घर ट्रुमनचं नाहीच मुळी. बांधलं त्याच्या बायकोच्या, बेसच्या आजोबांनी. जॉर्ज पोर्टरफील्ड गेट्स, बेसच्या आईचे वडील, पिठाच्या गिरणीचे भागीदार, त्यांच्या पिठाचं नाव 'क्वीन ऑफ द पँट्री'. १८८५ मध्ये त्यांनी जुन्या छोट्या घराला जोडून हे मोठं पांढरं लाकडी घर उठवलं, कोपऱ्याकोपऱ्याला नक्षी वगैरे. १९०३ मध्ये बेसच्या वडिलांनी आत्महत्या केली आणि पुढे तिची आई मॅज वॉलेस मुलांना घेऊन इथे माहेरी येऊन राहिली ती कायमची. हॅरी तेव्हा कोणीच नव्हता. थोड्याच वर्षांत तो ग्रँडव्ह्यूच्या शेतावर वडिलांच्या हाताखाली नांगर धरत होता. बेसला तो पाच-सहा वर्षांच्या वयात संडे स्कूलमध्ये भेटलेला, पण घरात शिरकाव झाला तो १९१० मध्ये. समोरच्याच घरात त्याची आत्या आणि आतेबहिणी राहायच्या. मॅजबाईंनी केक पाठवला होता त्याची प्लेट परत द्यायची होती, हा म्हणाला मी देतो. दार बेसने उघडलं. पुढे नऊ वर्षं मागे लागून, मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्सला तोफा डागून येऊन २८ जून १९१९ ला लग्न. आणि लग्नानंतर राहायला कुठे तर सासूबाईंच्या घरी. तात्पुरतं. ते तात्पुरतं १९७२ ला, तो वारला तेव्हा संपलं!

म्हणजे सरळ सरळ घरजावई. सासूला जावई पसंत नव्हताच, शेतकरी पोरगं, त्यात लग्नानंतर मित्राबरोबर काढलेलं कपड्यांचं दुकान १९२२ मध्ये बुडालं आणि ते कर्ज हा पुढे कित्येक वर्षं फेडत बसला. दोन मेव्हणे परसात बंगले बांधून, म्हणजे अंगणात आलं की सासरच सासर. पुढे हा व्हाइट हाऊसला गेला तर सासूबाई तिथेही बरोबर, डिसेंबर १९५२ मध्ये त्या तिथेच वारल्या. त्यानंतर कुठे हॅरी आणि बेसने तिच्या भावांचे हिस्से विकत घेतले आणि घर स्वतःच्या नावावर झालं, लग्नानंतर तेहतीस वर्षांनी. आमच्या बाबांना हे इतकं आवडलं की गाडीत परत येताना तीनदा सांगितलं.

आत गेल्यावर जिन्याखालच्या खुंट्यांवर त्याचा कोट आणि हॅट. काठी. म्हणजे आत्ता फिरून आलाय आणि आत चहा घेतोय असं. पुढे दिवाणखान्यात पियानो आहे, मुलगी मार्गरेटला १९३२ च्या ख्रिसमसला दिलेला, पोरीला हवी होती खेळण्यातली आगगाडी. मग अभ्यासिका, छोटीशी, दोन खुर्च्या, भिंतभर पुस्तकं, त्याची इतिहासाची आणि तिच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या.

आणि मग स्वयंपाकघर. इथे आई थांबली ती थांबलीच. साधं टेबल, खुर्च्या, टोस्टर. जमिनीवर लिनोलियम, आणि एका ठिकाणी ते फाटलंय तिथे बदलायच्या ऐवजी बारीक चुका ठोकून बसवलंय. जगातला पहिला अणुबॉम्ब टाकायला सांगणारा माणूस, नाटो आणि मार्शल प्लॅनवाला माणूस, त्याच्या किचनमध्ये फाटलेल्या लिनोलियमला चुका. आई मराठीत मोठ्याने म्हणाली, अगं बाई, आपल्या मिरजेच्या घरात तात्यांनी असंच केलं होतं. घर दाखवणाऱ्या रेंजरने विचारलं काय म्हणतात, मी भाषांतर करून सांगितलं तर म्हणाली इथे येणारं प्रत्येक जण आपल्या आजीचं घर सांगतं.

लिहायचं बरंच आहे पण पोरगी उठली. बाकी कोणी गेलंय का?

चहाटळ

घरजावई हा शब्द वाचून फुटलो. सासूबाई व्हाइट हाऊसमध्ये मुक्कामाला म्हणजे कठीण आहे राव. स्टॅलिनशी बोलणं सोपं गेलं असेल त्याला. (हलके घ्या.)

शिळोप्या

मस्त लिहिलंय. १९५३ चा किस्सा राहिला. आयझेनहॉवरचा शपथविधी झाला आणि हे दोघं साध्या ट्रेनने घरी आले, बरोबर सिक्युरिटी नाही काही नाही, माजी राष्ट्राध्यक्षांना तहहयात संरक्षण ही भानगड नंतरची. स्टेशनवर हजारो लोक जमलेले. दुसऱ्या दिवशी पत्रकाराने विचारलं घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर म्हणाला बॅगा माळ्यावर नेऊन ठेवल्या. हे मला फार आवडतं. आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात दोघं स्वतःची क्रायस्लर घेऊन थेट न्यूयॉर्कपर्यंत गेले, गाडी हाच चालवत होता, वाटेत लोकांनी पेट्रोल पंपावर ओळखलं की गर्दी.

वाळवंटी_उंट

रसभंग करतोय, माफ करा. चुका ठोकलेलं लिनोलियम वगैरे ठीक आहे, पण ६ ऑगस्ट १९४५ आणि तीन दिवसांनी नागासाकी, हे त्या किचनमध्ये उभं राहून आठवलं का कुणाला? मला या "साधा माणूस" प्रकाराचा जरा वैताग येतो. कोट टांगलेला, टोस्टर ठेवलेला, बायकोची पुस्तकं. अशा घरांचं कामच ते असतं की माणूस गोड वाटला पाहिजे. हिरोशिमातही साधी स्वयंपाकघरं होती, आणि त्यांतल्या वस्तू पण म्युझियममध्येच आहेत, वितळलेल्या.

कोरा_कागद

@वाळवंटी_उंट माफी कशाला. बाबांनी बाहेर आल्यावर हेच काढलं. ते म्हणाले घरात कुठे बॉम्बचा उल्लेख नाही. मी म्हटलं घरात कसा असेल, ते सगळं त्याच्या लायब्ररीत आहे, दीड-दोन किलोमीटरवर, तिथे वाचा. तर म्हणाले माणूस एकच ना, मग घर इकडे आणि निर्णय तिकडे असं कसं. मला उत्तर आलं नाही.

एक मात्र आहे, तो बॉम्ब पडला तेव्हा ट्रुमन या घरात नव्हता, जर्मनीतल्या पॉट्सडॅमहून बोटीने परत येत होता, भर समुद्रात बातमी कळली. आणि त्याचा नातू, मार्गरेटचा मुलगा, २०१२ मध्ये हिरोशिमाला गेला होता, वाचलेल्या लोकांना भेटला.

सदाशिवपेठी_दुपार

हॅरीपेक्षा मला बेस इंटरेस्टिंग वाटते, आणि माझ्या मते ते घर तिचंच आहे, सर्व अर्थांनी. गोष्ट अशी सांगतात की एकदा हॅरी घरी आला तर ही शेकोटीपाशी बसून स्वतःची जुनी पत्रं जाळतेय, तिने त्याला लिहिलेली. तो म्हणाला अगं काय करतेस, इतिहासाचा विचार कर. ही म्हणाली, केलाय. त्याची तिला लिहिलेली हजाराच्या वर पत्रं आज आहेत, अभ्यासकांना सोन्याची खाण. तिची दोनशेच्याही आत.

आणि त्या घराचंही तसंच. तो गेल्यावर ती तिथे दहा वर्षं एकटी राहिली, १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये गेली, वय ९७. मृत्युपत्रात घर देशाला देऊन टाकलं, पण वरचा मजला मार्गरेट जिवंत असेपर्यंत कोणाला दाखवायचा नाही असं बजावून. मार्गरेट २००८ मध्ये गेली, तरी आजही टूरमध्ये खालचाच मजला. तेव्हा वाळवंटी_उंट म्हणतायत ते अर्धं बरोबर आहे. आपल्याला दिसतं ते बेसने दिसू दिलं तेवढंच. फक्त ते गोड दिसावं म्हणून तिने केलं असं मला वाटत नाही, गोड दिसायचं असतं तर आधी लिनोलियम बदललं असतं हो. त्या बाईला लोक घरात यायलाच नको होते. जिवंत असताना पर्यटक कुंपणापाशी उभे राहून बघायचे, ते कुंपणसुद्धा १९४९ मध्ये घालावं लागलं कारण लोक आठवण म्हणून घराचे तुकडे काढून न्यायला लागले होते.

मी_अमुक

एक शंका. वरचा मजला दाखवत नाहीत हे कळलं, पण मग आहे काय वर?

सदाशिवपेठी_दुपार

झोपायच्या खोल्या, बाथरूम. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये हॅरी त्या वरच्या बाथरूममध्येच पाय घसरून पडला, चष्मा फुटला, बरगड्या मोडल्या, त्यानंतर तब्येत पहिल्यासारखी झालीच नाही. तोवर रोज पहाटे हॅट घालून काठी घेऊन गावभर फिरायचा, मिनिटाला १२० पावलं, सैन्यातल्या हिशोबाने. पत्रकार मागे धापा टाकत.

भाकरवाडी

पेन्शनचं कोणी लिहिलं नाही अजून? माझे आजोबा रिटायर्ड तलाठी, त्यांना मी हे सांगितलं होतं तर विश्वास बसेना. ट्रुमन व्हाइट हाऊसमधून बाहेर पडला तेव्हा राष्ट्राध्यक्षाला पेन्शनच नव्हती. मिळायची ती सैन्याची, महिन्याला ११२ डॉलर ५६ सेंट. कंपन्या मोठ्या पगारावर बोलवत होत्या तर हा म्हणाला त्यांना मी नकोय, माझं पद हवंय. मग आत्मचरित्र लिहिलं, शेताची जमीन विकली त्यावर शॉपिंग सेंटर झालं. शेवटी १९५८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा केला, वर्षाला २५,००० डॉलर. म्हणजे आज ओबामा-बुश घेतात ती पेन्शन या माणसामुळे.

गणितज्ञ_काका

भाकरवाडी, अर्धी गोष्ट सांगितलीत. पेन्शन नव्हती हे खरं, सैन्याचा आकडाही खरा. पण "बिचारा" हे खरं नाही. त्या आत्मचरित्राचेच त्याला सहा लाख डॉलर कबूल झाले होते, टॅक्समध्ये बरेच गेले हे मान्य, पण १९५० च्या दशकातले सहा लाख आहेत ते! आणि बेसकडचे हिशोबाचे कागद खूप नंतर अभ्यासकांसाठी खुले झाले, त्यातून असं दिसलं की व्हाइट हाऊस सोडतानाच गडी बऱ्यापैकी पैसे बाळगून होता. काँग्रेससमोर त्याने हलाखीचं चित्र जरा जास्तच रंगवलं. मुरलेला राजकारणी होता शेवटी, कॅन्सस सिटीचा राजकीय दादा पेंडरगास्ट, त्याच्या तालमीतला.

म्हणून ते लिनोलियम मी दुसऱ्या बाजूने बघतो. पैसे नव्हते म्हणून चुका ठोकल्या असं नाही. चालतंय तोवर बदलायचं कशाला ही त्या पिढीची खोड. माझ्या वडिलांनी बँकेत बऱ्यापैकी शिल्लक असताना छत्रीला सुतळी बांधून चार पावसाळे काढले.

भाकरवाडी

काका हे माहीत नव्हतं. आजोबांना सांगत नाही आता, ते ट्रुमनला आपल्यातला मानतात.

जुनी_खिडकी

मी पुण्यात वस्तूसंवर्धनाचं काम करते, म्हणून थोडं त्या बाजूने. फाटलेली जमीन चुकांसकट राखणं हे नवी जमीन घालण्यापेक्षा अवघड काम आहे. नवी घातली की सुटलात. जुनी ठेवायची तर आठ-आठ माणसांचे पाय रोज तिच्या आसपासून जाणार, बाहेरून ऊन येणार, हवेतला दमटपणा वरखाली होणार, लिनोलियम जवसाच्या तेलाचं असतं ते कालांतराने कडक होऊन तडकतं. त्यात हे लाकडी घर, आणि आत हजारो वस्तू, कागद, कापड, चामडं, प्रत्येकाचं दुखणं वेगळं. गट छोटा ठेवणं, पर्स बाहेर ठेवायला लावणं हा चोरीचाच प्रश्न नसतो, दारात वळताना पाठीवरची बॅग शंभर वर्षांच्या वॉलपेपरला घासली की संपलं.

दुसरं म्हणजे कुठल्या सालातलं घर दाखवायचं हे ठरवावं लागतं. व्हाइट हाऊसमधून सुट्टीत यायचे ते १९४५-५२ चं "समर व्हाइट हाऊस" दाखवता आलं असतं, जास्त झगमगाट. त्यांनी तसं न करता बेस सोडून गेली तसं, म्हातारपणातलं घर ठेवलं. मला हे पटतं. आपल्याकडे थोरामोठ्यांचं घर ताब्यात आलं की पहिल्यांदा ऑइलपेंट, मग फरशी उखडून संगमरवरी टाइल, मग अर्धपुतळा, त्याला कायम हार. मी एका वाड्यात (नाव नको) चूल फोडून तिथे काचेच्या कपाटात चुलीचा फोटो लावलेला बघितलाय. खोटं नाही सांगत.

चहाटळ

चुलीचा फोटो 😭

गोदाकाठ

अवांतर, पण आपला पण एक धागा आहे या माणसाशी. ट्रुमनच्या सरकारी विमानाचं नाव 'इंडिपेंडन्स' होतं, याच गावावरून. ऑक्टोबर १९४९ मध्ये नेहरू पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा लंडनहून त्यांना आणायला ट्रुमनने हेच विमान पाठवलं होतं. दौऱ्यात दोघांचं फार काही जुळलं नाही हा भाग वेगळा. मग १९५१ मध्ये आपल्याकडे धान्याची मारामार होती तेव्हा अमेरिकेने १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं गव्हासाठी, त्या कायद्यावर सही ट्रुमनची. आमच्याकडे आजी मिलोच्या ज्वारीचं बोलायची ते नंतरचं, पण परदेशी धान्याची सवय लागली ती त्याच सुमारास.

मी_अमुक

आपल्या राष्ट्रपतींची घरं कुठे कुठे आहेत अशी? कलाम सरांचं रामेश्वरमचं बघितलंय, मशीद स्ट्रीटवर, अरुंद गल्ली, बाहेर शंखशिंपल्यांची दुकानं, वरच्या मजल्यावर फोटो-पदकं वगैरे. गर्दी इतकी की पुढच्याच्या पाठीला नाक लावून फिरायचं, आठ-आठ सोडायचं म्हटलं तर रांग धनुष्कोडीला जाईल.

शिळोप्या

राजेंद्रबाबूंचं जिरादेईचं घर आहे की बिहारमध्ये, सिवान जिल्ह्यात. आणि पाटण्याचा सदाकत आश्रम. बारा वर्षं राष्ट्रपती भवनात काढून हा माणूस १९६२ मध्ये परत तिथल्या साध्या खोल्यांत राहायला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत तिथेच वारला. त्यांनीही बॅगा माळ्यावरच टाकल्या म्हणायच्या.

धावतपळत

बहुमताच्या विरोधात जाऊन लिहितो: आम्ही गेलो होतो दोन मुलांना घेऊन, वय ७ आणि १०, अर्ध्या तासात त्यांनी सहा वेळा विचारलं कधी संपणार. हात लावायचा नाही, बसायचं नाही, फोटो नाही. मोठ्यांना आजीचं घर आठवतं, पोरांना काय आठवणार, त्यांची आजी वाकडला पंचविसाव्या मजल्यावर राहते. मुलं असतील तर आधी ट्रुमन लायब्ररीत जा. तिथे ओव्हल ऑफिस हुबेहूब बांधलंय, टेबलावरची ती "द बक स्टॉप्स हिअर"ची (म्हणजे शेवटची जबाबदारी माझी) पाटी आहे, अंगणात हॅरी आणि बेसची समाधी. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने मेडिकेअरच्या (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) कायद्यावर सही तिथेच केली, ३० जुलै १९६५, आणि पहिली कार्डं या नवरा-बायकोला. वेळ उरला तरच घर.

सदाशिवपेठी_दुपार

@धावतपळत मुलांना गवताची गोष्ट सांगायची ना! बेस कित्येक दिवस मागे लागली होती की अंगणातलं गवत काप. हा टाळायचा. एका रविवारी सकाळी ऐन चर्चच्या वेळेला मशीन घेऊन उतरला, जाणारे-येणारे शेजारी बघतायत की माजी राष्ट्राध्यक्ष रविवारी प्रार्थना सोडून गवत कापतोय. बेसला इतकी लाज वाटली की परत कधी सांगितलं नाही. असं सांगतात बुवा.

चहाटळ

हे मी या वीकेंडला करून बघतो. आमच्याकडे चर्च नाही पण शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

वाळवंटी_उंट

@सदाशिवपेठी_दुपार "बेसने दिसू दिलं तेवढंच" हे पटलं. जाईन कधी आलो तिकडे तर. पण आधी लायब्ररी, मग घर. निर्णय वाचून मग किचनमध्ये उभं राहायचं.

कोरा_कागद

सगळ्यांना धन्यवाद, धागा एवढा चालेल असं वाटलं नव्हतं. थोडी उत्तरं देतो.

जाणाऱ्यांसाठी: तिकीट त्याच दिवशी जाऊन घ्यायचं, लवकर जा, निघण्याआधी वेळ आणि बंदचा वार बघून घ्या. समोरचं आतेबहिणींचं नोलंड घर आणि परसातले मेव्हण्यांचे बंगले बाहेरून बघता येतात. बाजूचा रस्ता पूर्वी व्हॅन हॉर्न रोड होता, आता ट्रुमन रोड. ग्रँडव्ह्यूचं शेतघर वेगळं, गाडीने जावं लागतं.

@जुनी_खिडकी तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने त्या दिवशी रेंजरला एकच प्रश्न विचारायला लावला होता मला, की हे सगळं रोज झाडतं-पुसतं कोण. रेंजर म्हणाली आम्हीच, अगदी हलक्या हाताने. आई म्हणाली तरीच. मग बाहेर येऊन मागच्या जाळीच्या व्हरांड्याकडे बघत बसली बराच वेळ, तिथे ते दोघं उन्हाळ्यात जेवायचे. मिरजेचं घर आम्ही २०११ मध्ये बिल्डरला दिलं, तात्यांच्या चुकांवर आता पार्किंग आहे. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

बाबांना आता लमारला ट्रुमन जन्मला ते घर बघायचंय, दोन तास दक्षिणेला. छोटंसं आहे म्हणे, १८८४ चा जन्म. शनिवारी निघतोय. आई म्हणाली तुम्ही दोघं जा, मला वाटेत कॉस्टकोला सोडा.